आकाशक-स्तंभ, हौशी रेडिओ केंद्रांचे

रेडिओ तरंगांचे प्रेषण व ग्रहण करणारा आकाशक म्हणजेच अँटेना जमिनीपासून इष्ट उंचीवर तोलून धरणाऱ्या उभ्या आधारास आकाशक-स्तंभ म्हणतात. नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांचे पोलादी मनोरे हा या स्तंभांचा सर्वांच्या परिचयाचा प्रकार होय. हौशी रेडिओ-प्रेषक मात्र आपल्या घराच्या गच्चीवर, अंगणात किंवा परसात स्वखर्चाने स्तंभ उभारतो. त्याच्यापाशी जागा थोडी, पैसा बेताचा व मजूर म्हणजे बहुधा स्वतःचे मित्र असतात. त्यामुळे या स्तंभांचा इतिहास मोठ्या केंद्रांच्या इतिहासाहून वेगळ्या वाटेने गेला. जहाजाच्या डोलकाठीप्रमाणे चहूबाजूंनी तणाव्यांनी ओढून धरलेला बारीक स्तंभ आणि तणाव्यांशिवाय पायावर उभा राहणारा जाळीदार मनोरा, असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. भारतातील घरगुती केंद्रांत पहिला प्रकारच अधिक आढळतो.

इतिहास : आकाशक उंचावल्यास संदेश दूर जातो, हे गुल्येल्मो मार्कोनी यांच्या १८९५ मधील प्रयोगांतच स्पष्ट झाले होते. पण उंचीबरोबर संकटही वाढते, याचा अनुभव त्यांना लवकरच आला. इंग्‍लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ पोल्ढू येथे त्यांनी अटलांटिकपार संदेशांसाठी प्रत्येकी सु. ६१ मी. उंचीच्या वीस डोलकाठ्या वर्तुळाकार उभारल्या होत्या. सप्टेंबर १९०१ मधील वादळात त्या सर्व कोसळल्या. त्या वर्तुळाकार रचनेत एका काठीचा ताण दुसरीवर पडत असल्याने एक निखळताच सगळे वर्तुळ गेले. पुढे १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यू फाउंडलंडमधील सिग्‍नल हिल येथे मार्कोनी यांनी संदेश टिपला, तो पतंगाला बांधलेल्या तारेच्या साहाय्याने. प्रत्येक स्तंभाचा तोल त्याच्या स्वतःच्या तणाव्यांवरच असावा, हा नियम आजचा हौशी प्रेषक पाळतो.

हौशी मंडळींच्या वाट्याला लघुतरंग आले, ते कृपा म्हणून नव्हे. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने त्यांना २०० मी. व त्याहून कमी तरंगलांबीपुरतेच मर्यादित केले, कारण हे तरंग निरुपयोगी आहेत असा त्यावेळच्या तज्ञांचा समज होता. तो किती चुकीचा होता, हे नोव्हेंबर १९२३ मध्ये दिसून आले. फ्रान्समधील लेआँ दलॉय व अमेरिकेतील फ्रेड श्नेल या हौशी प्रेषकांनी सु. ११० मी. तरंगलांबीवर अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संभाषण केले. तरंगलांबी आखूड झाल्याने आकाशकही आखूड झाला. शेकडो मीटरांच्या तारेऐवजी वीस मीटरांची तार पुरू लागली व घरगुती स्तंभ ही कल्पना खऱ्या अर्थाने व्यवहार्य ठरली. जपानमध्ये शिनतारो उदा व हिदेत्सुगू यागी यांनी १९२६ च्या सुमारास दिशिक आकाशक प्रसिद्धीस आणला. तो फिरवता यावा म्हणून स्तंभाच्या माथ्यावर मोटार बसविण्याची प्रथा पुढे पडली आणि स्तंभावरील भार व वाऱ्याचा दाब या दोहोंचा विचार अपरिहार्य झाला.

भारतात अमरेंद्रचंद्र गुप्तू व मुकुल बोस या दोघांनी १९२१ मध्ये हौशी केंद्रे सुरू केली. मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ मध्ये प्रायोगिक प्रक्षेपण केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी इंग्‍लंडशी लघुतरंगांवरील बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे प्रेषण पुण्याजवळ खडकी येथून व ग्रहण दौंड येथे होत असे. दख्खनच्या पठारावर उभ्या राहिलेल्या या मनोऱ्यांनी त्या काळच्या होतकरू हौशी तरुणांना आकाशकाची रचना प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची संधी दिली असल्यास नवल नाही. १८८५ चा तार अधिनियम व १९३३ चा बिनतारी तारायंत्र अधिनियम यांन्वये परवान्यावाचून यंत्र बाळगणेही गुन्हा ठरला. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच नवे परवाने देणे थांबले व हौशी प्रेषकांना आपली प्रेषक यंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे लेखी आदेश मिळाले. गच्चीवरील तारा उतरल्या.

या बंदीच्या काळातच हौशी तंत्रज्ञानाचा मुंबईतील सर्वांत धाडसी उपयोग झाला. ‘छोडो भारत’ चळवळीत नेते अटकेत गेल्यावर व वृत्तपत्रांवर निर्बंध आल्यावर उषा मेहता, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी इत्यादींनी ऑगस्ट १९४२ मध्ये गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. उषा मेहता त्यावेळी बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. प्रेषक यंत्राचे तांत्रिक काम युद्धापूर्वीचे हौशी प्रेषक नरीमन अबरबाद प्रिंटर यांनी केले. पहिले केंद्र चौपाटीवरील ‘सी व्ह्यू’ या इमारतीत होते. त्यानंतर लॅबर्नम रस्ता, सँडहर्स्ट रस्ता, गिरगाव अशी त्याची स्थळे बदलत गेली.

केंद्र आपली तरंगलांबी ४२·३४ मी. असल्याचे प्रत्येक वेळी जाहीर करी. हा आकडा आकाशकाच्या दृष्टीने बोलका आहे. या तरंगलांबीची कंप्रता सु. ७·०८ मेगॅहर्ट्‌झ होते, म्हणजे ती हौशी मंडळींच्या ४० मीटर पट्ट्याच्या अगदी आतली आहे. हौशी प्रेषकाच्या हाताला सवयीचे असलेले मंडल, वेटोळी व तार हेच येथे वापरता येणार होते. या कंप्रतेच्या अर्धतरंग आकाशकाला सु. २० मी. लांबीची तार लागते. मुंबईच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर एवढी तार कपडे वाळत घालण्याच्या दोरीसारखी ताणता येते, पण ती नीट उचलून धरणारा स्तंभ उभारला तर तो रस्त्यावरून दिसतो. परवानाधारक हौशी प्रेषकाला उंची हवी असते. या केंद्राला मात्र उंचीइतकीच अदृश्यता हवी होती आणि दोन्ही एकदम मिळणे शक्य नव्हते. शिवाय आकाशक जितका कार्यक्षम, तितका तो दिशाशोधक यंत्रालाही सोपा. स्थलांतर हाच त्यावर एक उपाय होता. प्रत्येक स्थलांतरात तार उतरवणे, नव्या गच्चीवर तिची लांबी व जोडणी पुन्हा जुळविणे आणि शेजाऱ्यांच्या नजरा चुकविणे, हे ज्याने एकदा तरी आकाशक बांधला आहे त्याला सोपे वाटणार नाही.

सरकारी श्रवण-यंत्रणा ही प्रक्षेपणे शब्दशः टिपून घेत होती. या केंद्राच्या मजकुराची आज उपलब्ध असलेली बरीचशी नोंद त्या टिपणांमुळेच टिकली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल. अखेर केंद्र सापडले ते केवळ यंत्रांच्या बळावर नव्हे. प्रिंटर यांना अटक झाली व त्यांनी दिलेल्या माहितीवरून १२ नोव्हेंबर १९४२ रोजी महालक्ष्मी भागातील ‘पॅराडाइज’ बंगल्यावर प्रक्षेपण चालू असतानाच छापा पडला. प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले. विशेष न्यायालयाने खाकर यांना पाच, उषा मेहतांना चार व चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी व शिकागो रेडिओ या व्यवसायसंस्थेचे नानक मोटवानी निर्दोष सुटले. उषा मेहतांनी येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगली व १९४६ मध्ये त्या मुक्त झाल्या. प्रिंटर यांच्या वर्तनाबद्दल कठोर लिहिले गेले आहे आणि ते स्वाभाविक आहे. तथापि त्यांच्या कौशल्यावाचून हे केंद्र सुरूच झाले नसते, हेही नमूद करणे भाग आहे.

गोव्याच्या मुक्तिलढ्यात याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले गेले. वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या रानातून व नंतर कॅसलरॉक परिसरातून पोर्तुगीज व कोकणी भाषांत स्वातंत्र्यवादी प्रक्षेपण केले. ते १९६१ पर्यंत चालले. हे हौशी केंद्र नव्हते, पण परिस्थिती हौशी प्रेषकाच्याच जातीची होती. माणसे मोजकी होती आणि साहित्य वाहून नेता येईल एवढेच होते. सह्याद्रीच्या माथ्यावरील घनदाट झाडी अशा ठिकाणी आडोसाही देते व तारेला आधारही.

स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले. १९४८ मध्ये हौशी प्रेषकांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. युद्धातील शिल्लक साहित्य बाजारात स्वस्त मिळे. त्यातील नळ्या, केबल व कप्प्या यांवर एक संपूर्ण पिढी पोसली गेली. हौशी सेवेचे स्वतंत्र नियम १९७८ मध्ये झाले. भारतीय हौशी केंद्रांची आवाहन-चिन्हे बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात.

उंचीचा विचार : स्तंभ किती उंच असावा, याचे एकच उत्तर नाही. कोणाशी बोलावयाचे आहे, त्यावर ते अवलंबून असते. आडवा अर्धतरंग आकाशक जमिनीपासून अर्ध्या तरंगलांबीवर असल्यास त्याचे प्रारण क्षितिजापासून सु. ३०° कोनात सर्वाधिक असते व आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरदेशी पोहोचते. तोच आकाशक पाव तरंगलांबीवर किंवा त्याहून खाली आणल्यास प्रारण मुख्यतः सरळ वर जाते व आयनांबरावरून चहूकडे सु. ३००–४०० किमी. परिसरात उतरते. १४ मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यासाठी अर्धी तरंगलांबी म्हणजे सु. १०·५ मी., हे दोन मजली घराच्या गच्चीवरील काठीने साधते. ७ मेगॅहर्ट्‌झसाठी मात्र २१ मी. लागतात व ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते. अतिउच्च कंप्रतेचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. मीटरमधील उंचीच्या वर्गमूळास ४·१२ ने गुणले असता रेडिओ क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर मिळते. ९ मी. उंचीला ते सु. १२ किमी. व ३६ मी. उंचीला सु. २५ किमी. भरते. चौपट उंचीला केवळ दुप्पट पल्ला मिळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे घरगुती स्तंभ वाढवीत नेण्याचा मोह आवरतो.

महाराष्ट्रात या विचाराची उत्तम कसोटी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूरसारख्या गावी लागते. वायव्येस कळसूबाई (१,६४६ मी.) व दक्षिणेस हरिश्चंद्रगड (१,४२४ मी.) यांच्या रांगांमध्ये हा आदिवासीबहुल मुलूख वसला आहे. येथे अंगणातला पंधरा मीटरांचा मनोराही डोंगरापुढे ठेंगणाच. अतिउच्च कंप्रतेवर खोऱ्यातून नाशिक किंवा मुंबईशी थेट बोलण्याची आशा त्याच्या बळावर धरता येत नाही. याउलट कळसूबाईच्या माथ्यावर हातात धरलेला लहानसा संचही पुरतो. समुद्रसपाटीच्या हिशेबाने तेथील रेडिओ क्षितिज सु. १६७ किमी. येते आणि मुंबई सरळ रेषेत सु. ११० किमी. अंतरावर आहे. निसर्गाने दिलेला हा स्तंभ असला, तरी तो रोज चढण्याजोगा नाही.

खोऱ्यात राहणाऱ्याने म्हणून ७ मेगॅहर्ट्‌झची तार धरावी व ती मुद्दामच खाली ठेवावी. दोन झाडांमध्ये किंवा सहासात मीटरांच्या दोन बांबूंमध्ये ताणलेली २० मी. तार आपले प्रारण सरळ आकाशात पाठविते. डोंगर तिच्या वाटेत येत नाहीत. दिवसा पुणे, नाशिक, मुंबई, छत्रपती संभाजीनगर ही सर्व शहरे तिच्या टप्प्यात येतात. दरीतल्या गावी विजेच्या यंत्रांचा व कारखान्यांचा रेडिओ-गोंगाटही कमी असतो. हरिश्चंद्रगडापलीकडे जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या तीस आकाशकांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारताना हीच शांतता मोलाची ठरली होती. उंच स्तंभाच्या नादी लागून ही सोय न पाहणारा हौशी प्रेषक पैसाही घालवितो व श्रोताही.

आपत्तीच्या प्रसंगी अशा बुटक्या तारेचे महत्त्व विशेष जाणवते. किल्लारी परिसरातील ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दूरध्वनी निकामी झाले असता हौशी प्रेषक तेथे संदेशवहनास गेले होते. अंदमानात २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी पोर्ट ब्लेअरमध्ये मोहिमेसाठी आलेल्या भारतीय हौशी प्रेषकांनी तेथूनच मुख्य भूमीशी संपर्क राखला. अशा जागी मनोरा उभारण्यास वेळ नसतो. दोरी, तार व मिळेल ती काठी यांवरच काम भागवावे लागते.

निवड व उभारणी : मुंबई व राजूर यांच्या अडचणी परस्परविरुद्ध आहेत. मुंबईत उंची इमारतीकडून फुकट मिळते, पण तणावे बांधण्यास जागा नसते. राजूरला जागा मुबलक, पण उंची स्वतः निर्माण करावी लागते. तणाव्यांचे खुंट स्तंभाच्या बुंध्यापासून उंचीच्या सु. ६० ते ८० टक्के अंतरावर असावे लागतात. म्हणजे १२ मी. स्तंभास ७ ते १० मी. त्रिज्येचे वर्तुळ मोकळे हवे. एवढी रुंद गच्ची क्वचितच असते. खुंट जवळ घेतल्यास तणाव्यातील ताण व स्तंभावरील खालचा दाब दोन्ही झपाट्याने वाढतात व स्तंभ मधोमध वाकतो. प्रत्येक पातळीवर १२०° अंतराने तीन तणावे पुरतात. १२ मी. स्तंभास दोन पातळ्या असाव्यात. तणावे धातूच्या तारेचे असल्यास त्यांत ठिकठिकाणी चिनी मातीचे अंडाकृती निरोधक घालून त्यांचे तुकडे करतात. एरवी ते स्वतःच आकाशकासारखे वागून प्रारणाची दिशा बिघडवितात. अंडाकृती निरोधकात दोन्ही तारांची वेटोळी एकमेकांत अडकलेली असतात. त्यामुळे निरोधक फुटला तरी स्तंभ पडत नाही.

खरा शत्रू वजन नसून वारा होय. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानकानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदास ४४ मी. व पुणे-नाशिक भागासाठी ३९ मी. धरतात. त्यावरून दर चौ. मी. वर अनुक्रमे सु. १,१६० व ९१० न्यूटन दाब निघतो. अर्ध्या चौ. मी. क्षेत्रफळाच्या आकाशकावर नाशिककडे सु. ४५० न्यूटन, म्हणजे सु. ४६ किग्रॅ. वजनाइतका आडवा रेटा पडेल. तणाव्यांवाचून १२ मी. उंचीच्या नळाच्या माथ्यावर एवढा रेटा पडल्यास बुंध्याशी जे वाकविणारे आघूर्ण निर्माण होते, ते बाजारात मिळणाऱ्या साध्या पाण्याच्या नळास झेपत नाही. डोंगराच्या खिंडीत किंवा कड्यावर वेग आणखी वाढतो, म्हणून घाटमाथ्यावर हिशेब सढळ हाताने करावा.

साहित्यात बांबू स्वस्त व लवचिक असून तो वीजनिरोधकही आहे. मात्र जमिनीत गाडलेला भाग राजूरकडील जोरदार पावसात दोनतीन वर्षांतच कुजतो. बुंध्याला डांबर फासणे किंवा तो लोखंडी नळात बसवून जमिनीपासून वर ठेवणे, हा उपाय आहे. जस्तलेपित लोखंडी नळ सु. ६ मी. लांबीचे मिळतात. जाड नळात बारीक नळ सु. पाऊण मीटर आत सरकवून व आरपार बोल्ट घालून ११ मी. पर्यंतचा स्तंभ होतो. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेत आटे व बोल्ट प्रथम गंजतात, म्हणून तेथे अगंज पोलादाचे बोल्ट वापरतात. ॲल्युमिनियम हलके असले तरी लोखंडाशी त्याचा सांधा दमट हवेत लवकर खराब होतो. अकोले तालुक्याच्या पावसाळी भागात कौलारू घरे बरीच असून आढ्याला काठी बांधण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण वाऱ्याने हलणारी काठी कौले सैल करते व पहिल्याच पावसात घर गळू लागते.

स्तंभ उभा करण्यापूर्वी आजूबाजूच्या विजेच्या तारा पाहणे अत्यावश्यक आहे. स्तंभ कोणत्याही दिशेला पडला तरी तारांना शिवणार नाही, एवढे अंतर हवेच. हौशी प्रेषकांचे जीवघेणे अपघात या निष्काळजीपणातून झाले आहेत. उभारणीसाठी आडव्या ठेवलेल्या स्तंभाच्या बुंध्याशी बिजागरी करतात व तेथेच काटकोनात दुसरी आखूड काठी बांधतात. तिच्या टोकावरून गेलेली दोरी ओढली की आखूड काठी खाली येते व स्तंभ वर जातो. बाजूचे दोन तणावे आधीच बांधलेले व मागचा तणावा एका माणसाच्या हाती हवा. घाई करणारा व आरडाओरड करणारा मदतनीस दूर ठेवलेला बरा.

वीज कोसळण्याचा धोका महाराष्ट्राच्या अंतर्भागात वळवाच्या व परतीच्या पावसात सर्वाधिक असतो. स्तंभ, समाक्ष केबलचे बाह्य वेष्टन व घराची भूयोजन-तार ही सर्व एकमेकांस जाड तांब्याच्या पट्टीने जोडलेली असावीत. सह्याद्रीच्या पायथ्याशी मातीचा थर पातळ असून लगेच मुरूम व बेसाल्ट खडक लागतो. तेथे लांब सळई ठोकता येत नाही व कोरड्या खडकाचा विद्युत्‌ रोधही जास्त असतो. अशा ठिकाणी उथळ चरांतून चारी बाजूंना पुरलेल्या तांब्याच्या तारा किंवा कोळसा व मीठ भरून ओलसर ठेवलेला खड्डा अधिक उपयोगी पडतो. एवढे करूनही ढग गडगडू लागताच केबल संचापासून सोडवून घराबाहेर टाकणे हाच भरवशाचा उपाय आहे. थेट कोसळणाऱ्या विजेपुढे कोणतेही घरगुती साधन टिकत नाही.

परवाना व परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. केंद्र सरकारच्या परवान्याने प्रेषणाचा अधिकार मिळतो, परंतु सहकारी गृहनिर्माण संस्थेची गच्ची सामाईक असल्याने तेथे स्तंभ उभारण्यास संस्थेची संमती घ्यावी लागते. विमानतळाच्या परिसरात उंचीवर निर्बंध असतात. शहरातील कित्येक परवानाधारकांचे केंद्र संमतीअभावी बंद पडते किंवा खिडकीबाहेर काढलेल्या आखूड तारेवर चालते. १८८५ व १९३३ चे जुने अधिनियम बाजूस सारून त्यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत केला.

उभारलेल्या स्तंभाची पाहणी वर्षातून दोनदा करतात. मृगापूर्वी तणाव्यांचे ताण, खुंटांची पकड व गंजलेले बोल्ट पाहतात. दिवाळीच्या सुमारास पावसाने सैल झालेली माती पुन्हा ठोकून घेतात व केबलच्या सांध्यांत शिरलेले पाणी काढून ते नव्याने बंद करतात.